टाकीच्या अलीकडे

धुळे, २८ एप्रिल १९९१

निंबा,

हे पत्र आबा जेलमध्ये भेटीला येतील तेव्हा भाकरीच्या फडक्यात गुंडाळून आणतील. वाचून झालं की फाडून टाक. त्या दिवशी जे झालं ते आपण दोघांनी एकाच क्रमाने सांगायचं, असं धनसिंग वकिलांनी बजावलं आहे, म्हणून तो क्रम लिहून पाठवते. नीट डोक्यात घाल. तुझं डोकं तापलं की तुला काल जेवलेलं आठवत नाही.

तापीवरचा पंप आपला आणि जीवरामचा सामाईक. एक दिवस पाणी त्याचं, एक दिवस आपलं. पाइप आधी त्याच्या केळीच्या बागेखालून जातो आणि मग बांध ओलांडून आपल्यात येतो. जानेवारीत तू ठिबक बसवलंस आणि बांधाला लागून, आपल्या हद्दीत, पाणी गाळायची ती वाळूची टाकी उभी केलीस. मार्चपासून आपल्या दिवशी पाणी मरत गेलं. घड पोसायच्या वेळेला ठिबकमधून नुसते थेंब, आणि बांधापलीकडे जीवरामची बाग हिरवीगार. आपल्या दिवशीसुद्धा तो त्याचा व्हॉल्व उघडा ठेवतो, असं तू म्हणालास, आबा म्हणाले, मग सगळा गाव म्हणायला लागला.

म्हणून मी यंत्र आणलं. आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत यंदा आलेलं डॉप्लरचं यंत्र. पाइप फोडावा लागत नाही, बाहेरून पट्ट्याने बांधायचं. ते आत आवाज सोडतं, माणसाच्या कानाला न ऐकू येणारा. तो परत येतो तेव्हा त्याच्या सुरात जो फरक पडलेला असतो, त्यावरून आत पाणी किती वाहतंय ते काटा दाखवतो. चौदा तारखेला, रविवारी, मी ते पंपाजवळ लावलं. सेकंदाला सात लिटर. मग आपल्या टाकीच्या पुढे लावलं. शून्य. मध्ये जमीन फक्त जीवरामची. मी चौघांदेखत आकडा वाचून दाखवला. यंत्राला ना जात ना गोत, ते कुणासाठी खोटं बोलणार? जीवराम हसला आणि उलट बोलायला लागला. चोराच्या उलट्या बोंबा. पहार तिथेच पडलेली होती आणि तुझा तोल एकदम गेला.

‘एकदम’ हा शब्द विसरू नकोस. चोर पुराव्यानिशी सापडला आणि डोकं एकदम फिरलं, हे कोर्टाला पटलं तर खुनाचं कलम गळून पडेल आणि तू सात-आठ वर्षांत बाहेर येशील, असं वकील म्हणतात. नाही पटलं तर जन्मठेप. पुराव्याला मी आहेच. शून्य पाहिलं, एवढंच मला सांगायचं आहे.

यंत्र सोमवारी साडेदहाच्या आत जागेवर ठेवलं. न विचारता नेलं होतं ते कुणाला कळलेलं नाही.

मला वाईट वाटत नाही, निंबा. नववीतून शाळा सोडून तू औत धरलंस तेव्हा कुठे माझा डिप्लोमा झाला. गावभर सांगत फिरायचास, माझी अक्का इंजिनेर आहे म्हणून. त्या शिक्षणाचा तुला पंधरा वर्षांनी पहिल्यांदा उपयोग झाला. त्याने आपलं पाणी प्यायलं, आपल्या मातीने त्याचं रक्त प्यायलं. फिटंफाट.

अक्का


धुळे, ३० जून १९९१

निंबा,

आबा तुला काही सांगणार नाहीत, म्हणून मी सांगते. त्यांच्या डाव्या हाताला पट्टी दिसली असेल. बैलाने चेपला म्हणाले असतील. बैलाने नाही, झुलालने.

जीवरामचा हा धाकटा भाऊ इतकी वर्षं मान खाली घालून चालायचा, तो ११ तारखेला भरदिवसा आठ माणसं घेऊन आपल्या बागेत शिरला. अडीच हजार खोडं आडवी केली. घडासकट. केळीचं खोड कापताना फारसा आवाज होत नाही, नुसतं पाणी सुटतं. म्हणून आबांना कळेपर्यंत अर्धी बाग झोपली होती. आबा धावले तर दोघांनी त्यांना धरलं आणि झुलालने त्यांचा डावा हात बांधावरच्या दगडावर ठेवून कुऱ्हाडीच्या मागच्या बाजूने ठेचला. तीन बोटं गेली. “तुह्या पोरानं एक घाव घातला का? मोजून तीन घातले,” असं म्हणत तीनदा हात उचलला म्हणे. पोलिसांनी त्याला नेलं आणि दहा दिवसांत तो जामिनावर परत आला.

मी पोहोचले तेव्हा सगळीकडे तो केळीचा काळा चीक होता आणि माशा. मी घरातून रॉकेलचा डबा घेतला आणि थेट झुलालच्या कडब्याच्या गंजीकडे गेले. पाच-सहा बायकांनी मला धरलं नसतं तर मी गंजीसकट त्याचं घर पेटवलं असतं. एकीच्या दंडाला मी चावलेसुद्धा. लोक तुलाच तापट म्हणतात. आपण दोघं एकाच आईच्या पोटचे, हे विसरतात.

आणखी एक. जीवरामच्या थोरल्या मुलीचा साखरपुडा मोडला. चोराची पोर आम्हाला नको, असं मुलाकडच्यांनी निरोपात सांगितलं. तिची आई कुंदाबाई त्यांच्या दारात जाऊन बसली, तर त्यांनी दार लावून घेतलं. ती आता रोजाने कापूस निंदायला जाते आणि तिथेही बायका तिच्याजवळ डबा उघडत नाहीत. ज्या बाईने मला हे सांगितलं तिला वाटलं मी हळहळेन. मला बरं वाटलं. आबांचा हात आठवला आणि बरंच वाटलं.

वकिलांनी माझं नाव साक्षीदारांत घातलं आहे. तू जेवत जा.

अक्का


धुळे, १७ ऑगस्ट १९९१

निंबा,

हे पत्र तीनदा फाडलं. आता चौथ्यांदा लिहिते आहे आणि हे आबांबरोबरच पाठवते आहे, कारण टपालाने आलेलं जेलर वाचतात.

आमच्या प्रयोगशाळेत एक टाकी आहे, एक पंप आणि भिंतीला धरून फिरणारा पारदर्शक पाइप. त्यावर ते यंत्र बांधून मुलं पाण्याचा वेग मोजतात आणि शेवटी बादली आणि घड्याळ लावून यंत्र बरोबर आहे का ते ताडून पाहतात. टाकीत रोज सकाळी पांझरा नदीचा गाळ दोन मुठी टाकायचा. हे काम आमचे शिपाई हिलालभाऊ करतात. वर्षभर रोज. देवाला फूल वाहावं तसं ते करतात आणि तसंच मी ते पाहते.

बुधवारी कॉलेजची तपासणी होती. मोठे साहेब येणार म्हणून हिलालभाऊंनी टाकी घासून लख्ख केली आणि नळाचं पाणी भरलं. मी पंप चालू केला, यंत्र बांधलं आणि काटा शून्यावर. यंत्राखालचं वेसलीन पुन्हा लावलं, पट्टा आवळला, तारा काढून घातल्या. शून्य. आणि पाइपच्या दुसऱ्या तोंडातून पाणी धो धो पडत होतं, साहेबांच्या बुटांवर उडत होतं. ते हसले आणि पुढच्या खोलीत गेले.

मी हिलालभाऊंच्या थोबाडीत मारली. साठीला आलेला माणूस, निंबा. टोपी पडली त्यांची. त्यांनी ती उचलली, झटकली आणि म्हणाले, “माले काब्र मारं बाई? टाकी धोई काढी, पानी बठ्ठं चोखं शे.”

पाणी चोखं आहे. तेवढं ऐकलं. मी तिथेच ओल्या फरशीवर बसले.

तुला सोपं करून सांगते. ते यंत्र पाण्याला ओळखतच नाही. ते पाण्यातल्या गाळाला ओळखतं. आवाज गाळाच्या कणांवर आपटून परत येतो. पाणी स्वच्छ असलं तर आवाजाला आपटायला काही नसतं आणि तो परत येत नाही. पाणी कितीही जोरात वाहो, काटा शून्यच दाखवणार. आमच्या विभागाच्या अभिमन सरांनी यंत्र आलं त्या दिवशी हे शिकवलं होतं. मी दर वर्गाला हे शिकवते. तोंडी परीक्षेत विचारते, सांगा पाहू, टाकीत गाळ का टाकतात? उत्तर नाही आलं की मार्क कापते.

आणि चौदा एप्रिलला मी ते यंत्र वाळूच्या टाकीच्या पुढे बांधलं. पाणी गाळून झाल्यावर.

अजून मला काही पक्कं माहीत नाही. कदाचित त्या दिवशी खरंच पाणी नसेल. मी हे कुणाला बोललेले नाही. तूही बोलू नकोस.

अक्का


धुळे, २ सप्टेंबर १९९१

निंबा,

काल गावी जाऊन आले. यंत्र पुन्हा चोरूनच नेलं. आबांना सांगितलं नाही, थेट मळ्यात गेले. बाग नाही, त्यामुळे लांबून सगळं दिसतं. खोडांचे बुंधे कुजून त्याचा वास सुटला आहे.

पंप चालू केला. टाकीच्या पुढचा ठिबकचा जोड सोडून पाइपचं तोंड उघडं केलं. बोटाएवढी धार. एप्रिलमध्ये होती तशीच. मग टाकीचं झाकण उघडलं. वाळू भट्टीतल्या विटेसारखी घट्ट बसली होती. ती टाकी महिन्यातून दोनदा उलट्या पाण्याने धुवायची असते, निंबा. विकणाऱ्या माणसाने सांगितलं असणार, तू ऐकलं नसणार. मार्च-एप्रिलमध्ये नदी आटली की पंप तळाचा गाळ ओढतो. तो सगळा तुझ्या टाकीत येऊन बसला आणि तिने आपलंच पाणी आपल्यासाठी बंद केलं. वाळूतून न जाणारं पाणी टाकीच्या बुडाशी पुरलेल्या जादा पाण्याच्या नळीने जमिनीखालून नाल्यात जात होतं.

मी ती धुतली. उलटा व्हॉल्व फिरवला आणि अर्धा तास काळाभोर गाळ बाहेर येत राहिला. मग पाइपच्या तोंडाला चौदा लिटरची बादली धरली. दोन सेकंदांत भरली. पुन्हा धरली, पुन्हा दोन सेकंद. सेकंदाला सात लिटर. जितकं पंपातून निघतं तितकंच. जीवरामच्या बागेखालून ते आलं आणि तिने त्यातलं घोटभरही घेतलं नाही.

मग त्याच जागी यंत्र बांधलं. पाण्याच्या जोराने माझ्या हातातली बादली पडत होती आणि काटा शून्यावर होता.

मग टाकीच्या अलीकडे बांधाशी गेले. तिथे पाइप जमिनीत आहे. पहार पोलिसांनी जप्त केली आहे, म्हणून खुरप्याने उकरलं. पाइप लागला. यंत्र बांधलं. सात.

झुलाल बांधापलीकडून बघत होता. हातात विळा होता. मला वाटलं आता हा येतो. यावा असंही वाटलं. तो आला नाही. त्याने विचारलं, काय करून राहिलीस? मी सामान उचललं आणि एसटी धरली.

जीवराम चोर नव्हता. हे वाक्य लिहायला मला पंधरा दिवस लागले.

अक्का


धुळे, २० नोव्हेंबर १९९१

निंबा,

तुझं कार्ड मिळालं. तू लिहिलं आहेस, ‘अक्का, तू फक्त शून्य म्हण. शून्य तर दिसलंच होतं. त्यात खोटं काय? टाकी चुकली म्हणून जीवराम परत येणार आहे का?’

वकीलही हेच म्हणाले. तुम्ही शून्य पाहिलं एवढंच विचारीन, पुढचं कुणी विचारणार नाही, कोर्टात त्या यंत्राचं कुणाला काही कळत नाही. आबा तर पाया पडले. ठेचलेला हात माझ्या पायावर ठेवला. म्हणाले, जीवराम गेला तो गेला, निंबाला तरी वाचव.

तुमचं तिघांचं बरोबर आहे. शून्य हे खरंच आहे. म्हणून आता उरलेलंही लिहिते, आणि हे पत्र मी टपालाने पाठवते आहे. जेलर वाचतील. वाचू देत.

पहिल्या पत्रात मी लिहिलं की जीवराम हसला आणि उलट बोलला. तो हसला नव्हता. मी आकडा वाचला तेव्हा तो माझ्याजवळ आला, यंत्राकडे वाकून पाहिलं, टाकीकडे पाहिलं आणि म्हणाला, “अक्का, टाकीच्या अलीकडं लावून पाह्य ना. अठी हातभर माती उकरली की पाइप उघडा पडतो. मंग मले चोर म्हन.” पहार तिथे पडलेली नव्हती, तुझ्या हातात होती, ती त्यानेच मागितली. मी उकरून देतो म्हणाला.

एवढी अक्कल चौथी शिकलेल्या माणसाला होती. कुठे बांधल्यावर काय कळेल, ते त्याला माझ्याआधी कळलं. आणि मला त्याचाच राग आला. चौघांत, इंजिनेर म्हणून तू मला मिरवत असताना, हा मला मोजायला शिकवतो? मी म्हटलं, त्याची काही गरज नाही. उचलली जीभ, लावली टाळ्याला. ठिबकमधून थेंब पडत होते, निंबा. माझ्या डोळ्यांसमोर पडत होते. शून्य असतं तर थेंब कुठून पडले असते? मी पाहिलं आणि पाहिलं नाही.

मग तू माझ्याकडे वळलास. तुला आठवतं का, मला माहीत नाही. तू विचारलंस, “अक्का, पक्कं?”

तू विचारलंस. तुझा तोल एकदम गेला नव्हता. तू थांबला होतास, माझ्या तोंडाकडे बघत होतास. तिथे मी ‘थांब’ म्हणाले असते तर तू पहार टाकली असतीस. लहानपणापासून माझं एक तू ऐकतोस.

मी म्हणाले, “पक्कं.”

पहिला घाव खांद्यावर बसला. तो खाली बसला, नीट मांडी घालून बसावं तसा, आणि त्याने दोन्ही हात वर केले. दुसऱ्याने त्याचा हात आणि कपाळ एकदमच मोडलं. तिसरा कशाला घातलास? तो तर पडला होता. लोक पळाले. आबा ओरडत होते. तो ओल्या मातीत तोंड घालून घरघरत होता आणि त्याचे पाय हलत होते. आणि मी काय केलं ते तुला माहीत नाही, कारण तू पहार धरून नुसता उभा होतास. मी पट्टा सोडला. यंत्रावर रक्त उडालं होतं, ते पदराने पुसलं. पेटीत घातलं, पेटीला कडी लावली. शेवटची धुळ्याची गाडी चुकली असती तर सोमवारी यंत्र जागेवर नसतं आणि माझी नोकरी गेली असती. जिवंत माणसाला ओलांडून मी स्टँडवर गेले. दवाखान्यात न्या, एवढंसुद्धा कुणाला म्हणाले नाही.

तर साक्षीत मी हे सगळं सांगणार आहे. फक्त शून्य सांगितलं तर तो चोर म्हणून मेला, कुंदाबाई चोराची बायको म्हणून मरेल आणि ती पोर चोराची लेक म्हणून घरात बसेल. उकरू दे म्हटलेलं आणि तू ‘पक्कं’ विचारलेलं मी सांगितलं, की ‘एकदम’ राहत नाही. म्हणजे तुला जन्मठेप. मला कळतं. तू शाळा सोडलीस ती माझ्यासाठी, तेही विसरलेले नाही. तरी सांगणार आहे.

शिव्या द्यायच्या असतील तर कार्डावर दे, म्हणजे जेलरलाही कळतील.

अक्का


जळगाव, ११ फेब्रुवारी १९९३

निंबा,

सव्वा वर्षात तू एक अक्षर लिहिलं नाहीस आणि भेटीला मला नाकारलंस. काल कोर्टातही माझ्याकडे पाहिलं नाहीस. मी मात्र सगळा वेळ तुझ्याकडेच पाहून बोलले. तू वाळला आहेस. दाढी पांढरी झाली आहे, छत्तिसाव्या वर्षी.

धनसिंग वकिलांनी ठरल्याप्रमाणे एवढंच विचारलं की तुम्हाला काय दिसलं. मी शून्य म्हटलं आणि ते खाली बसायला लागले. मी म्हटलं, साहेब, माझं संपलेलं नाही. ते म्हणाले, जेवढं विचारलं तेवढंच सांगा. मी न्यायाधीशांकडे वळले आणि बोलतच राहिले. गाळ सांगितला, टाकी सांगितली, बादली सांगितली. ते मध्येच म्हणाले, म्हणजे पाणी जितकं स्वच्छ तितकं हे यंत्र आंधळं? मी हो म्हटलं. मग सरकारी वकील उठले. मयत काही म्हणाला होता का? मी सांगितलं. आरोपी काही म्हणाला होता का? तेही सांगितलं. आणि तुम्ही काय म्हणालात? तेव्हा तू पहिल्यांदा मान वर केलीस, पण माझ्याकडे नाही, वरच्या पंख्याकडे. मी म्हणाले, मी ‘पक्कं’ म्हणाले.

‘पक्कं’ म्हणणाऱ्या बाईला कुठलं कलम लागतं, असं मी बाहेर आल्यावर पोलिसाला विचारलं. तो म्हणाला, घरी जा बाई. कॉलेजने मात्र मला नोव्हेंबरातच निलंबित केलं आहे. यंत्र न विचारता बाहेर नेलं हे मी लेखी दिलं, त्यावर.

कोर्टाच्या पायऱ्यांवर आबा उभे होते. मी खाली वाकले, तर त्यांनी उजव्या हातातली काठी माझ्या तोंडावर मारली. समोरचा दात तुटला. मी वर पाहिलं तर त्यांनी दुसरी मारली, कानाजवळ. “भावाले खाल्लं तू,” म्हणाले. लोकांनी त्यांना धरलं. मी म्हटलं, सोडा त्यांना, मारू देत. पण तेवढ्यात त्यांचा दम संपला आणि ते पायरीवर बसून रडायला लागले. त्यांना रिक्षात घालून स्टँडवर झुलालने नेलं. हो, झुलालनेच. का, ते मला विचारू नकोस. ज्या हाताने ठेचलं त्याच हाताने धरून त्यांना रिक्षात बसवत होता.

मी नळावर तोंड धूत होते. रक्त थांबत नव्हतं. मागे कुणी तरी उभं आहे असं वाटलं, वळले तर कुंदाबाई. दोन वर्षांत मी तिच्यासमोर गेले नव्हते. तिची थोरली बरोबर होती, जरा लांब उभी. मला वाटलं ही आता थुंकेल, किंवा चप्पल काढेल. मी हात बाजूला केले आणि उभी राहिले. खरं सांगते, तिने मारलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

तिने पदराचा बोळा माझ्या हातात दिला, तोंडाला धरायला. मग माझ्याकडे बघत राहिली. काही तरी मनात मांडून पाहत असल्यासारखी. मी म्हटलं, वहिनी, आता तरी त्यांना कुणी चोर म्हणणार नाही. तिने मान हलवली. तो चोर नव्हता हे तिला सांगायला कोर्ट लागत नव्हतं, मला लागलं होतं.

मग तिने विचारलं. आवाज अजिबात चढलेला नव्हता, बाजारात भाव विचारावा तसा.

“त्यानं उकरतो म्हटलं तव्हा तू उकरू देलं असतं, त किती येळ लागला असता?”

निंबा, मी सप्टेंबरात खुरप्याने उकरलं होतं तेव्हा घड्याळ पाहिलं होतं. सवयच आहे मला, प्रयोगाची वेळ लिहून ठेवायची. पहारीने आणखी लवकर झालं असतं. खोटं सांगता आलं असतं, पाइप खोल होता, अर्धा दिवस गेला असता, अंधार पडला असता, म्हणाले असते. तिने मानलं असतं.

मी म्हणाले, “दहा मिनिटं.”

तिने पोरीचा हात धरला आणि ती निघून गेली.

मी आता जळगावलाच, तुझ्या जेलजवळ, खोली घेतली आहे. महिन्याच्या पहिल्या सोमवारी भेटीच्या रांगेत उभी राहीन. तू नाही म्हण, पुढच्या महिन्यात पुन्हा येईन.

अक्का